‘लिस्टचा पॅटर्न दिसतो तसाच जुळतो, मग टेस्ट कशाला?’ या विधानाला माझा विरोध

निफाडकर (धागा सुरू करणारे)

परवा आपल्या नाशिकच्या प्रोग्रामर मंडळींत एका सदस्याने असे लिहिले की, पायथनमधील लिस्टचे पॅटर्न मॅचिंग, म्हणजे लिस्ट लिहून ठेवलेल्या नमुन्याशी जुळते का हे पाहणे, इतके स्वच्छ आहे की जे डोळ्यांना दिसते तेच जुळते, आणि म्हणून त्यावर टेस्ट लिहीत बसणे म्हणजे दोन अधिक दोन चार होतात का हे रोज सकाळी उठून तपासण्यासारखे आहे. त्या लिखाणाखाली अनेकांनी होकार भरला. मी दोन दिवस गप्प राहिलो, पण ज्या समजुतीमुळे माझ्या घरच्या माणसांना आर्थिक झळ बसली, ती समजूत नवी मुले डोळे झाकून उचलताना पाहणे मला जमत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या मेहुण्यांचे कांद्याचे खळे आहे. काट्यावरून येणाऱ्या नोंदींपासून हिशोबपट्टी तयार करणारा छोटा प्रोग्राम मी त्यांना लिहून दिला होता. प्रत्येक नोंद म्हणजे एक लिस्ट: आधी पावती क्रमांक, मग कांद्याची प्रत, आणि पुढे जितक्या गोण्या तितकी वजने. फाइलच्या वरच्या बाजूला मी ‘गोल्टी’ (लहान आकाराचा कांदा) या नावाचे व्हेरिएबल ठेवले होते आणि त्यात गोल्टीचा संकेत भरला होता. पहिली केस, म्हणजे जुळवायचा पहिला नमुना, मी अशी लिहिली: ‘केस [पावती, गोल्टी, *वजने]’. वाचणाऱ्याला वाटेल की दुसऱ्या जागी गोल्टीचा संकेत असेल तरच ही केस लागेल. प्रत्यक्षात पायथनमध्ये पॅटर्नमधले साधे नाव कशाशीही तुलना करत नाही. त्या जागी जे असेल ते त्या नावात भरले जाते. म्हणजे किमान दोन घटक असलेली प्रत्येक लिस्ट या केसला जुळत होती आणि उत्तम उन्हाळ कांद्याच्या गोण्याही गोल्टीच्या भावाने लागत होत्या. एकटे नाव हीच पूर्ण केस असती आणि तिच्या खाली आणखी केसेस असत्या, तर पायथनने ‘पुढच्या केसेसपर्यंत पोहोचताच येणार नाही’ अशी सिंटॅक्स एरर दिली असती. नाव लिस्टच्या आत असल्यामुळे तो काहीच बोलला नाही.

मी टेस्ट लिहिली नव्हती, असेही नाही. एक टेस्ट होती. तिच्यात गोल्टीचीच नोंद दिली होती आणि ती अर्थातच हिरवी, म्हणजे यशस्वी, होत होती. जी नोंद त्या केसला जुळू *नये*, ती देऊन पाहण्याचे मला सुचले नाही. शेतकऱ्यांना पट्ट्या दुरुस्त करून द्याव्या लागल्या, फरकाची रक्कम द्यावी लागली, आणि मेहुण्यांना ज्या माणसांसमोर मान खाली घालावी लागली ती माणसे त्यांच्याकडे वर्षानुवर्षे माल घालणारी होती.

त्यानंतर मी बसून एकेक गोष्ट करून पाहिली. रिकामा पॅटर्न ‘[]’ फक्त रिकाम्या लिस्टला जुळतो, पण किल्ली-मूल्यांच्या जोड्या ठेवणाऱ्या डिक्शनरीचा रिकामा पॅटर्न ‘{}’ कोणत्याही डिक्शनरीला जुळतो. ‘*वजने’सारखे तारांकित नाव नसेल तर लिस्टच्या पॅटर्नला लांबी तंतोतंत लागते, तर डिक्शनरीच्या पॅटर्नला जादा किल्ल्या चालतात. चौकोनी कंस लिहिला तरी लिस्टखेरीज पायथनचे इतर क्रमवार प्रकारही जुळतात: टपल जुळतो, रेंज जुळते, डेक जुळतो; जनरेटर आणि सेट मात्र जुळत नाहीत. तारांकित नावात येणारे उरलेले घटक नेहमी लिस्टच असतात, मूळ वस्तू टपल असली तरी. ‘केस [१]’ ला ‘[ट्रू]’ ही लिस्ट जुळते, कारण आकड्यांची तुलना समानतेने होते. ‘केस [ट्रू]’ ला मात्र ‘[१]’ जुळत नाही, कारण तिथे ओळख, म्हणजे वस्तू नेमकी तीच आहे का, हे तपासले जाते. यातले किती आपल्याला नुसत्या नजरेने सांगता आले असते, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःशी द्यावे.

माझे म्हणणे एवढेच आहे की लिस्टच्या पॅटर्नची टेस्ट ही मुख्यतः न जुळणाऱ्या लिस्टची टेस्ट असली पाहिजे: रिकामी लिस्ट, एक घटक कमी, एक घटक जास्त, आणि योग्य लांबीची पण चुकीच्या आशयाची.

सातपूरकर

आपल्या मेहुण्यांच्या नुकसानीबद्दल मला मनापासून वाईट वाटते, परंतु आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. आपण नियम न वाचता कोड लिहिला आणि आता त्यावर उपाय म्हणून सगळ्यांना टेस्टच्या ओझ्याखाली घालू पाहत आहात. पॅटर्नमधले साधे नाव मूल्य पकडते आणि तुलना हवी असेल तर टिंब असलेले नाव लिहावे लागते, ही गोष्ट पायथनच्या अधिकृत प्रस्तावांपैकी पेप ६३४ मध्ये स्पष्ट लिहिलेली आहे आणि पेप ६३६ तर शिकणाऱ्यांसाठीच आहे. पायथन ३.१० ऑक्टोबर २०२१ मध्ये आला. तेव्हापासून ही कागदपत्रे सर्वांसाठी खुली आहेत.

भाषेचे वर्तन तपासण्याचे काम भाषेच्या कर्त्यांनी केलेले आहे. पायथनच्या स्रोतामध्ये ‘टेस्ट_पॅटमा’ नावाची एक मोठी फाइल फक्त याच विषयाला वाहिलेली आहे. ती ज्यांनी एकदा उघडून पाहिली असेल त्यांना कळेल की रिकामी लिस्ट, टपल, रेंज यांबद्दलच्या आपल्या शंका तिथे आधीच तपासल्या गेल्या आहेत. तेच पुन्हा आपल्या प्रकल्पात लिहिणे म्हणजे दुसऱ्याने मोजलेली गोणी पुन्हा काट्यावर चढवणे.

मी हे चिडून लिहीत आहे, हे मान्य करतो, आणि त्याला कारण आहे. बावीस वर्षे मी या क्षेत्रात आहे. गेल्या काही वर्षांत ग्राहक कव्हरेजची, म्हणजे टेस्टमध्ये किती कोड चालतो याची, टक्केवारी मागू लागले आणि तेव्हापासून टेस्ट ही विचार करण्याची जागा न राहता आकडा भरण्याची जागा झाली. आमच्याकडे एका मुलाने लिस्टमध्ये घटक जोडला की लांबी एकाने वाढते का, अशी टेस्ट लिहिली होती. मी त्याला विचारले की ही टेस्ट कधी लाल होईल, आणि त्याच्याकडे उत्तर नव्हते. अशा शेकडो टेस्टमुळे आमची बांधणी, म्हणजे सगळ्या टेस्ट चालवून कोड तयार होण्याचा वेळ, चाळीस मिनिटांवर गेली, मग लोक ती न चालवताच कोड पुढे ढकलू लागले, आणि शेवटी ज्या चार टेस्ट खरोखर मोलाच्या होत्या त्यांच्याकडेही कोणी बघेना. आपला सल्ला चांगल्या हेतूचा असला तरी तो याच वाटेने जातो.

निफाडकर

सातपूरकर, आपण ज्या टेस्टचे उदाहरण दिले तिचा मीही निषेध करतो, पण मी ती मागितलेली नाही. ‘टेस्ट_पॅटमा’ ही फाइल पायथन आपल्या नियमांप्रमाणे वागतो का हे तपासते; माझ्या मनातला नियम पायथनच्या नियमाशी जुळतो का हे ती कशी तपासणार? माझ्या प्रकरणात पायथन अगदी बरोबर वागला. चूक माझ्या समजुतीत होती, आणि ती समजूत फक्त माझ्याच कोडमध्ये लिहिलेली होती. दुसऱ्याने मोजलेली गोणी हा दृष्टांत म्हणूनच लागू पडत नाही, कारण ही गोणी माझीच होती आणि ती कोणीच मोजलेली नव्हती.

ओझरची रहिवासी

मी दोघांचे वाचले आणि मला माझा अनुभव सांगावासा वाटतो, कारण मी कागदपत्रे वाचलेली होती आणि तरीही फसले.

द्राक्षाच्या हंगामात एका पॅकहाउससाठी मी काम करत होते. बागेवरून येणाऱ्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या) फाइलमध्ये बागायतदाराचा क्रमांक, वाण, पेट्यांची संख्या आणि एकूण वजन अशा चार गोष्टी प्रत्येक ओळीत असत, आणि माझी केस चार घटकांची होती. हंगामाच्या मध्यावर तिथल्या कोणीतरी साखरेच्या प्रमाणाचा, म्हणजे ब्रिक्सचा, पाचवा स्तंभ वाढवला. मला कोणी कळवले नाही. दुसऱ्या दिवसापासून एकही ओळ एकाही केसला जुळली नाही, आणि पायथनमध्ये एकही केस जुळली नाही तर मॅचचा पूर्ण भाग शांतपणे ओलांडला जातो. एरर नाही, सूचना नाही. अहवालात दिवसभराची आवक शून्य आली, आणि त्या दिवशी पाऊस झाल्यामुळे तोडणी थांबली असेल, असे समजून सगळ्यांनी ती शून्ये खरी मानली.

हे प्रकरण निस्तरताना आणखी एक गोष्ट सापडली. फाइलमधल्या कोऱ्या ओळीसाठी सीएसव्ही वाचक रिकामी लिस्ट देतो आणि बाकी प्रत्येक रकाना मजकूर म्हणूनच देतो, त्यामुळे पेट्यांच्या जागी मी ‘इंट()’ असा पॅटर्न लिहिला असता तर तीही केस कधीच लागली नसती, कारण तिथे ४२ हा आकडा नसून ‘४२’ हा मजकूर असतो.

म्हणून सातपूरकर, आपला वाचनाचा आग्रह मला पटतो, पण वाचन एकदा होते आणि फाइल रोज बदलते. आता मी शेवटी ‘केस _’ लिहून तिथे एरर उठवते आणि पाच घटकांची लिस्ट दिली की ती एरर येते का, याची टेस्ट ठेवते. ती टेस्ट चालायला सेकंदाचाही अंश लागत नाही.

कॉलेज रोडचा एलिक्झरवाला

ओझरच्या ताईंनी सांगितलेला प्रसंग एलिक्झर या भाषेत घडलाच नसता. तिथे एकही शाखा जुळली नाही तर केस क्लॉज एरर येते आणि प्रोसेस तिथेच थांबते. रूबीमध्येही तसेच आहे. रस्टमध्ये तर सगळ्या शक्यता झाकल्या नसतील तर कोड कंपाइलच होत नाही, आणि तिथे स्लाइसच्या लांब्याही त्या हिशोबात धरल्या जातात. एलिक्झर ज्या एरलांग भाषेवर उभी आहे ती १९८६ च्या सुमारापासून टेलिफोन एक्स्चेंजच्या कामासाठी घडत आली आणि या घराण्यात पॅटर्न मॅचिंग हा पाया आहे. पायथनने ते २०२१ मध्ये वरून बसवले आणि लिस्टची रचना मात्र तशीच ठेवली, याचा मला मनस्वी राग आहे.

रचनेचा फरक समजून घ्या. एलिक्झरमध्ये ‘[डोके | शेपूट]’ लिहिले की शेपूट ही मूळ लिस्टचाच उरलेला भाग असते, काहीही कॉपी होत नाही. पायथनमध्ये ‘[पहिला, *बाकी]’ लिहिले की बाकीची नवी लिस्ट तयार होते. हेच रिकर्शनने, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावून, केले तर प्रत्येक पायरीला कॉपी, म्हणजे काम लांबीच्या वर्गाने वाढते, आणि हजाराच्या आसपास रिकर्शनची मर्यादाही आडवी येते. तीन घटकांची टेस्ट हिरवी होते आणि बाराशे नोंदींची खरी फाइल आली की प्रोग्राम पडतो. निफाडकरांनी आपल्या यादीत मोठी लिस्ट घातलेली नाही, ती घालावी.

सातपूरकर

एलिक्झरचे गुणगान करताना आपण एक गोष्ट सांगितली नाही. निफाडकरांचा गोल्टीचा सापळा एलिक्झरमध्येही जसाच्या तसा आहे. तिथेही पॅटर्नमध्ये साधे नाव लिहिले की ते नव्याने भरले जाते. आधीच्या मूल्याशी तुलना हवी असेल तर नावापुढे पिनचे चिन्ह लावावे लागते. एकाच पॅटर्नमध्ये तेच नाव दोनदा आले तर दोन्ही जागी समान मूल्य लागते, हे खरे, पण बाहेरच्या नावाला ते संरक्षण नाही. आपल्या भाषेचे दोष लपवून दुसऱ्या भाषेचे दाखवणे हे चर्चेला शोभत नाही.

कॉलेज रोडचा एलिक्झरवाला

मी काही लपवले नाही, मला तो मुद्दा त्या क्षणी महत्त्वाचा वाटला नाही. पिनचे आपण म्हणता ते बरोबर आहे. परंतु ते नाव पुढे कुठे वापरले नसेल तर कंपाइलर तशी सूचना देतो, एवढे तरी मान्य करा.

आडगावचा विद्यार्थी

सर, मी या विषयात नवीन आहे, पण एलिक्झर शिकताना माझ्यावर आलेला प्रसंग या चर्चेशी संबंधित आहे असे मला वाटते.

वडिलांच्या गोण्यांची वजने घेऊन मी पहिला प्रोग्राम लिहीत होतो. पहिली वजने ५०, ५२ आणि ४९ किलो अशी होती. ती लिस्टमध्ये घालून छापली तर पडद्यावर अवतरणात २४१ असे आले. मी बेरीज केलेलीच नव्हती, आणि केली असती तरी ती १५१ आली असती. संध्याकाळपासून रात्री जेवणाच्या हाका येईपर्यंत मी माझा पॅटर्न तपासत बसलो, डोके आणि शेपूट उलटसुलट करून पाहिले, आणि शेवटी मला गणितच येत नाही असे वाटून रडू यायचे बाकी राहिले. नंतर कळले की एरलांगच्या घराण्यात आकड्यांची लिस्ट आणि अक्षरांची लिस्ट एकच असते. आस्की या अक्षरांच्या संकेतक्रमांकांच्या तक्त्यात ५० म्हणजे २ हे अक्षर, ५२ म्हणजे ४ आणि ४९ म्हणजे १. सगळे आकडे छापण्याजोग्या अक्षरांचे निघाले की भाषा ते अक्षरे म्हणून दाखवते. पॅटर्न बरोबरच होता, दिसणे चुकीचे होते. मी डोळ्यांनी न पाहता टेस्टमध्ये तुलना केली असती तर पाच मिनिटांत सुटलो असतो.

सातपूरकर

या मुलाने सांगितलेले प्रकरणच पायथनच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा आहे. पायथनच्या लिस्ट पॅटर्नला मजकूर जुळत नाही, बाइट्सही जुळत नाहीत. हा निर्णय जाणूनबुजून घेतलेला आहे आणि तो योग्य आहे. मजकूर ही लिस्ट नव्हे.

पंचवटीतील सूचीकार

मजकूर ही लिस्ट नव्हे हे विधान पायथन स्वतःच पाळत नाही. ‘[पहिले, *बाकी]’ ही रचना बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे लिहून उजवीकडे मजकूर दिला तर तो मजकूर सुटा होऊन व्यवस्थित भरला जातो. तीच रचना केसमध्ये लिहिली तर जुळत नाही. दिसायला एकच, वागायला दोन. मी एका ग्रंथसंग्रहाची मराठी शीर्षकसूची तयार करते, आणि शीर्षकाच्या आद्याक्षरावरून कप्पे पाडणे हे माझे रोजचे काम आहे, म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी केवळ वादाचा नाही.

‘त्र्यंबक’ हा शब्द पायथनच्या लिस्टमध्ये सुटा केला तर आठ घटक मिळतात: त, हलन्त चिन्ह, र, पुन्हा हलन्त चिन्ह, य, अनुस्वार, ब आणि क. पहिला घटक ‘त’ आला म्हणून कप्पा बरोबर लागला, असे वाटते. पण ज्याला मराठी वाचक अक्षर म्हणतो ते ‘त्र्यं’ आहे. ‘नाशिक’ शब्दाचेही पाच घटक होतात आणि अक्षरे तीनच आहेत. काना आणि ऱ्हस्व वेलांटी सुटी पडून लिस्टमध्ये स्वतंत्र बसतात. दोन अक्षरी शीर्षकांसाठी मी दोन घटकांचा पॅटर्न लिहिला होता. त्याला ‘घर’ जुळले, ‘माती’ जुळले नाही.

कॉलेज रोडचा एलिक्झरवाला

ताई, यासाठी एलिक्झरमध्ये ग्राफिम, म्हणजे वाचकाला दिसणारी अक्षरे, काढण्याचे फंक्शन मूळ लायब्ररीतच आहे. ते वापरले की ‘नाशिक’चे तीन घटक मिळतात आणि मग त्या लिस्टवर पॅटर्न लावता येतो.

पंचवटीतील सूचीकार

ते मला ठाऊक आहे, आणि माझी खरी तक्रार तिथूनच सुरू होते. ‘नाशिक’मध्ये जोडाक्षर नाही म्हणून उत्तर तीन येते. ‘त्र्यंबक’चे काय? सर्व लिप्यांच्या चिन्हांचे प्रमाण असलेल्या युनिकोडच्या जुन्या नियमांप्रमाणे हलन्त चिन्हानंतर तुकडा पडत असे, त्यामुळे ‘त्’, ‘र्’, ‘यं’, ‘ब’, ‘क’ असे पाच घटक होत. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ मध्ये देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरे एकसंध ठेवण्याचा नियम आला, आणि त्या नियमाने ‘त्र्यं’, ‘ब’, ‘क’ असे तीन होतात. म्हणजे त्याच कोडला, त्याच शब्दाला, तोच तीन घटकांचा पॅटर्न एका यंत्रावर जुळतो आणि जुनी लायब्ररी असलेल्या दुसऱ्या यंत्रावर जुळत नाही. सातपूरकरांनी सांगितलेली ‘टेस्ट_पॅटमा’ फाइल मला यात काय मदत करणार?

आणि हे इथेच संपत नाही. ‘कुऱ्हाड’ हा शब्द दोन प्रकारांनी टंकित होतो. कोणी ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरून लिहितात, तर कोणी साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. सुट्या केलेल्या लिस्ट मात्र वेगळ्या लांबीच्या होतात, आणि युनिकोडचे प्रमाणीकरण केले तरी त्या एक होत नाहीत. माझ्या सूचीत एकाच लेखकाची पुस्तके दोन कप्प्यांत गेली होती, ती केवळ त्याच्या आडनावातल्या ‘ऱ्ह’मुळे. इंग्रजी शब्दांवर पॅटर्न तपासून समाधान मानणाऱ्यांना हे कधीच दिसणार नाही.

सातपूरकर

मी आतापर्यंत संयम ठेवला, परंतु आता स्पष्ट बोलतो. हा धागा लिस्टच्या पॅटर्नबद्दल होता. तो आधी एलिक्झरच्या प्रचाराकडे गेला आणि आता लिपीशास्त्राकडे गेला आहे. युनिकोडचे नियम बदलले हा लिस्टचा दोष नाही, पॅटर्नचाही नाही. घटक कसे पाडायचे हा वेगळा प्रश्न आहे आणि पाडलेल्या घटकांवर पॅटर्न कसा चालतो हा वेगळा. हे दोन मिसळल्यामुळे शिकणाऱ्या मुलांचा गोंधळ होईल. सूचीकार ताईंनी यासाठी स्वतंत्र धागा काढावा.

पंचवटीतील सूचीकार

मला हे उत्तर लागले. मराठी मजकुराचा प्रश्न निघाला की तो नेहमी दुसऱ्या धाग्यात, दुसऱ्या बैठकीत, पुढच्या आवृत्तीत ढकलला जातो, आणि मग मराठी सूची चुकते तेव्हा ‘मराठीचा डेटाच अवघड’ असे म्हणून हात झटकले जातात. आपल्या बावीस वर्षांत आपण एकदा तरी पॅटर्नच्या टेस्टमध्ये मराठी शब्द घातला आहे का, एवढे मला सांगा. घटक कसे पाडले जातात ते टेस्टमध्ये नोंदवले नाही, तर पॅटर्न कशाला जुळतो या प्रश्नाला अर्थच उरत नाही. मी विषय सोडलेला नाही.

ओझरची रहिवासी

मलाही वाटते की त्या विषय सोडून बोललेल्या नाहीत. माझ्या पाचव्या स्तंभात आणि त्यांच्या सुट्या पडलेल्या वेलांटीत फरक काय आहे? दोन्ही ठिकाणी लिस्टची लांबी आमच्या कल्पनेपेक्षा वेगळी निघाली आणि केस गुपचूप ओलांडली गेली. सातपूरकर, आपण अनुभवी आहात म्हणूनच विनंती करते की आपल्याच एखाद्या जुन्या फंक्शनला निफाडकरांनी सुचवलेल्या चार लिस्ट देऊन पाहा आणि जे निघेल ते इथे लिहा.

निफाडकर

सूचीकार ताईंच्या प्रश्नातून माझ्या मूळ लिखाणातली एक उणीव मला दिसली, ती सांगतो. मी चार प्रकारच्या लिस्ट सांगितल्या, पण लिस्ट कुठून येते याकडे पाहिले नाही. माझ्या खळ्यावर ती काट्यातून येते, ओझरच्या ताईंकडे सीएसव्हीतून, सूचीकार ताईंकडे शब्द सुटा करून. टेस्टमध्ये हाताने लिहिलेली नीटस लिस्ट देण्याऐवजी त्या वाटेने आलेली लिस्ट दिली, तरच ती टेस्ट खरी. एलिक्झरवाल्यांची मोठ्या लिस्टची सूचनाही मी माझ्या कोडमध्ये घेतली आहे. तिथे मी रिकर्शन काढून साधा फेरा ठेवला.

सातपूरकर

काल रात्री मी ओझरच्या ताईंच्या सांगण्यावरून नव्हे, तर माझे म्हणणे सिद्ध करण्यासाठी ते करून पाहिले. अंबडच्या एका कारखान्यासाठी लिहिलेले, यंत्राच्या तीन मापांवरून निर्णय घेणारे माझे फंक्शन आहे, आणि त्यात तीन घटकांची केस आहे. रिकामी लिस्ट, दोन घटक, चार घटक या तिन्हींना ते योग्य वागले, कारण शेवटी एरर उठवणारी केस मी पहिल्यापासून ठेवतो. एवढ्यावर माझे म्हणणे सिद्ध झाले असे मी लिहिणार होतो.

परंतु निफाडकरांनी म्हटल्याप्रमाणे लिस्ट खऱ्या वाटेने पाठवली, तेव्हा वेगळे घडले. ती मापे मधल्या एका टप्प्यात नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या अ‍ॅरेमधून येतात. नमपायचा अ‍ॅरे तीन घटकांचा असला तरी पायथन त्याला सीक्वेन्स, म्हणजे लिस्टसारखी क्रमवार वस्तू, मानत नाही, त्यामुळे लिस्टचा पॅटर्न त्याला जुळत नाही आणि थेट एररची केस लागते. आजवर ते चालत होते, कारण एका सहकाऱ्याने मध्येच त्याची लिस्ट करून दिली होती. ती ओळ अनावश्यक समजून मी गेल्या महिन्यात काढून टाकली आहे, आणि तो बदल येत्या सोमवारी कारखान्यात जाणार होता.

मी माझे मत बदललेले नाही. लिस्टमध्ये घटक जोडल्यावर लांबी वाढते का, अशी टेस्ट मी आजही फेकून देईन. परंतु ही एक टेस्ट मी लिहिली आहे आणि ती ठेवणार आहे.

आडगावचा विद्यार्थी

सर, ती टेस्ट इथे दाखवता येईल का? अ‍ॅरे प्रत्यक्ष कसा पाठवायचा ते मला पाहायचे आहे.

सातपूरकर

कारखान्याची नावे काढून उद्या देतो. सूचीकार ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. बावीस वर्षांत मी टेस्टमध्ये मराठी शब्द घातलेला नाही. त्याच कारखान्याच्या प्रोग्राममध्ये कामगारांची नावे देवनागरीत आहेत आणि हजेरीच्या यादीत ती आद्याक्षराने लावली जातात. ‘ऱ्ह’ दोन्ही प्रकारांनी टंकित केलेली आठ-दहा आडनावे आपण मला पाठवलीत तर ती मी त्या फंक्शनला देऊन पाहीन.

पंचवटीतील सूचीकार

आज रात्री पाठवते. प्रत्येक आडनावासमोर त्याच्या घटकांची संख्याही लिहिते, म्हणजे आपल्या यंत्रावर वेगळी आली तर लगेच कळेल.